गवत कापण्याचा गुन्हा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाची टेकडी आहे. नवेगावबांध आणि इटियाडोह धरण हा सगळा तिचाच शेजार. महाशिवरात्रीला इथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा असल्याने दोन्हीकडच्या भाविकांच्या वाटा एकत्र येतात. भोवतालच्या गावांत गोंड, हलबा, गोवारी, ढिवर, कोहळी राहतात. शिवाय १९७२ पासून इथे तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग ही वसाहत आहे.

निषेध म्हणून कायदा मोडणे समर्थनीय आहे का, हा प्रश्न वक्तृत्व स्पर्धेत विचारला की दोन ठरलेली उत्तरे येतात. एक बाजू गांधीजींचे नाव घेते, दुसरी अराजकाची भीती घालते. प्रतापगडाच्या परिसरातून हा प्रश्न पाहिला, तर तो अधिक अवघड होतो आणि अधिक खराही. इथल्या एका समाजासाठी रोजचे जगणेच कायद्याने गुन्हा ठरवले होते. दुसऱ्या समाजाला निषेध करायचा आहे तो एका परक्या राजवटीचा, पण पाय ठेवायला जमीन आहे ती पाहुण्यांच्या देशातली. या दोघांना एकच उत्तर कसे देणार?

आधी जंगलाचे पाहू. इंग्रजांनी १८६५ मध्ये पहिला वनकायदा केला, १८७८ मध्ये तो कडक केला आणि १९२७ मध्ये भारतीय वन अधिनियम आणला. हाच अधिनियम दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. एखादे जंगल ‘राखीव’ जाहीर झाले की त्यात परवानगीशिवाय शिरणे, गुरे चारणे, लाकूड तोडणे, वनोपज गोळा करणे, हे सारे गुन्हे ठरतात. मध्य प्रांतात गावकऱ्यांच्या गरजांसाठी ‘निस्तार’ नावाची सवलत होती. सरपण, गवत, घरबांधणीपुरते लाकूड, काटेकुटे तिच्यातून मिळत. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनमालकाच्या, जंगलातही तिची वहिवाट असे. पण सवलत म्हटली की ती देणारा वर बसलेला आणि घेणारा खाली उभा. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, जंगले आणि तलाव सरकारजमा झाले. आज ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात ते हेच माजी मालगुजारी तलाव. मालक बदलला, तरी डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईची स्थिती तशीच राहिली. वाटेत जंगलखात्याचा नाकेदार भेटला की कुऱ्हाड जाई, दंड बसे, नाहीतर त्याच्या हातापाया पडून सुटका करून घ्यावी लागे.

या बाईने कायदा मोडला होता, पण निषेध म्हणून नव्हे. चूल पेटवायला सरपण लागते म्हणून मोडला होता. लपूनछपून मोडलेल्या कायद्याचे एक वैशिष्ट्य असते: त्याने कायद्याला धक्का लागत नाही. मोडणारा भीत भीत मोडत राहतो, पकडणारा अधूनमधून पकडत राहतो आणि दोघांनाही त्याची सवय होते. अशी दोन-तीन पिढ्यांची सवय या पट्ट्यात झाली होती.

हीच गोष्ट दिवसाढवळ्या, आधी सांगून केली तर काय होते, ते १९३० च्या पावसाळ्यात दिसले. दांडीच्या मिठानंतर सगळीकडे कायदेभंग सुरू झाला, पण विदर्भाला समुद्र कुठला? इथल्या पुढाऱ्यांनी लोकांच्या रोजच्या जाचाचा कायदा शोधला आणि तो जंगलात सापडला. १० जुलै १९३० रोजी पुसद इथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि अटक करून घेतली. अणे व्यवसायाने वकील, टिळकांच्या तालमीतले. कायद्याची किंमत न कळणारा हा माणूस नव्हता. त्यांच्या मागोमाग विदर्भात आणि मध्य प्रांतात ठिकठिकाणी लोक विळे घेऊन जंगलात शिरले. गवताची पेंढी ती केवढी! पण ती कापताना माणूस सरकारी अधिकाऱ्यासमोर ताठ उभा होता, आणि जंगलखात्याचा सारा दरारा समोरचा माणूस वाकलेला असेल या गृहीतावर उभा होता.

सरकारने ते ओळखले, म्हणूनच एवढ्याशा गवतासाठी गोळ्या झाडल्या. ९ ऑक्टोबर १९३० रोजी सिवनी जिल्ह्यातल्या तुरिया इथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. चार जण मेले, त्यांत तीन बाया होत्या. त्याच्या दोनच आठवडे आधी, २५ सप्टेंबरला, उरणजवळच्या चिरनेरमध्ये आगरी-आदिवासी सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत मिठाला पानेच्या पाने मिळाली आणि गवताला एखादी ओळ. मला हे खटकते, कारण मिठाचा कर देशभर सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा येत होता, पण जंगलाचा कायदा एका समाजाचे सगळे जगणेच व्यापून होता.

कायदा मोडण्याच्या या प्रकाराला विचारवंतांनी नियमात बसवले. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर द्यायचे नाकारले, १८४६ मध्ये एक रात्र कोठडीत काढली आणि १८४९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. गांधीजींनी तो विचार लोकांच्या चळवळीत आणला आणि त्याला एक कडक अट घातली: शिक्षा टाळायची नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्याकडे कमाल शिक्षा मागितली. ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा देताना लोकमान्य टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला. १९७१ मध्ये जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने यातूनच लक्षणे नक्की केली. कृती उघड हवी, अहिंसक हवी, सद्सद्विवेकातून आलेली हवी, आणि सनदशीर मार्ग थकल्यावरची हवी. एकूण कायद्याविषयी निष्ठा ठेवून एका अन्यायी कायद्याला विरोध करायचा, आणि शिक्षा भोगायची तयारी हा त्या निष्ठेचा पुरावा.

या साऱ्या लक्षणांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. कायदा मोडल्याची किंमत कोण मोजतो? मोडणारा स्वतः मोजत असेल, तर ती समाजाला केलेली विनंती असते. तो ती दुसऱ्याच्या माथी मारत असेल, तर ती सक्ती होते, हेतू कितीही चांगला असो. अणे गवत कापून तुरुंगात गेले. एसटी जाळली जाते तेव्हा किंमत मोजतो तो त्या गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात निघालेला माणूस. याच जंगलात, देवरी-सालेकसापासून गडचिरोलीपर्यंत, नक्षलवाद्यांनी आदिवासींवरच्या अन्यायाचेच नाव घेऊन बंदूक उचलली. अन्याय खरा होता. पण त्या बंदुकीची किंमत बहुतांशी त्याच आदिवासींनी मोजली. रात्री एकाला भाकर दिली म्हणून सकाळी दुसऱ्याने जाब विचारला, आणि खबऱ्या ठरवून माणसे मारली गेली. म्हणून सत्याग्रह आणि सशस्त्र बंड या एकाच निषेधाच्या कमी-जास्त पायऱ्या आहेत, असे मी मानत नाही. किंमत कुणावर टाकली, इथेच त्यांच्या वाटा फुटतात.

कायदेभंगाविषयी सर्वांत कसून विचार मराठी मुलखात केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि तोही प्रत्यक्ष कृती करता करता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते पाणी प्यायले. ती कृती कायदेभंगाची नव्हतीच. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले होते. कायदा अस्पृश्यांच्या बाजूने होता. मोडली गेली ती रूढी, आणि रूढीच्या रक्षकांनी काठ्यांनी हल्ला करून कायदा मोडला.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. तळ्यावर पुन्हा जायचे ठरले होते, लोकांनी तुरुंगात जायची तयारी दाखवून नावे नोंदवली होती. पण सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. जमलेल्या हजारोंचा उत्साह बाजूला ठेवून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे रद्द करायला लावले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, मात्र न्यायालयाचा हुकूम मोडला नाही. छत्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांनी नेमके उलटे केले. न्यायालयाची मनाई मोडून मोर्चा काढला आणि तुरुंगातून ते प्रसिद्ध पत्र लिहिले. दोघांचे निर्णय आपापल्या जागी मला बरोबर वाटतात. महाडला लढा सरकारशी नव्हता, सवर्णांशी होता. मनाई मोडली असती तर आजवर पाठीशी असलेला कायदा समोर उभा राहिला असता, आणि तुरुंगाची किंमत मोजली असती कोकणातल्या गरीब शेतकऱ्या-मजुरांनी. बाबासाहेब न्यायालयात लढत राहिले. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे, हे वाचताना आजही राग येतो, आणि तो यावाच.

याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा रक्तरंजित क्रांतीबरोबरच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांचीही वाट सोडली पाहिजे. हा इशारा अनेक जण अर्धाच सांगतात. सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा त्या मार्गांचे समर्थन होऊ शकत होते, हेही त्यांनी त्याच भाषणात म्हटले होते. त्यांची अट मार्ग खुला असण्याची आहे. स्वतः ते त्या मार्गाने चालले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. तेव्हा प्रतापगड भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये.

मग विचारायला हवे: प्रतापगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या गोंड कुटुंबासाठी १९५० नंतर मार्ग खरोखर खुला होता का? मत होते, न्यायालय होते, आमदार होता. पण जंगलावरचा हक्क सिद्ध करायला कागद लागे, आणि ज्यांच्या पूर्वजांनी कागदाशिवाय जंगल राखले त्यांच्याकडे तो असणार कुठून? वहिवाट सगळ्या गावाला ठाऊक होती, तरी गावाची साक्ष पुरावा म्हणून चालत नव्हती. हा मार्ग खुला व्हायला २००६ साल उजाडले. त्या वर्षी संसदेने वनहक्क कायदा केला, आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला. त्याच्या प्रस्तावनेत संसदेने स्वतः कबूल केले की वनवासींचे हक्क मान्य न झाल्याने त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचे निवेदन ग्राह्य झाले, दावे ग्रामसभेपुढे आले. बांबू, तेंदूपत्ता, मोह, डिंक या गौण वनोपजांवर मालकी हक्क मिळाला. ज्या कृतीसाठी तुरियात बाया मेल्या, ती कृती आता हक्क ठरली. निषेधासाठी मोडलेला कायदा चुकीचा होता, याचा याहून ठळक पुरावा दुसरा कोणता हवा?

पण कायदा झाला म्हणून लढा संपला नाही. अर्जुनी मोरगावला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबू विकायला काढला, तर वनविभाग वाहतूक परवाना, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘टीपी’, देईना. १९२७ च्या कायद्यात बांबू झाडांत मोडतो, असा युक्तिवाद होता. नव्या कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले होते, तरीही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. इथे कायदा मोडणारा कोण होता? महाडसारखेच झाले. गाव कायद्याच्या बाजूला उभे होते, आणि कायदा राबवायची जबाबदारी असलेले खाते त्याच्या आड उभे होते. ज्याला आपण कायदेभंग म्हणतो तो पुष्कळदा, आहे तोच कायदा पाळा, असा हट्ट असतो. हा फरक न करता होणारी चर्चा गरिबावर अन्याय करते.

आता एक असे उदाहरण घेतो जिथे माझेच मन दोन्हीकडे ओढले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील कापसाचे, म्हणजे एचटीबीटीचे, मान्यता नसलेले बियाणे जाहीरपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. हेच बियाणे विदर्भात चोरून कितीतरी शेतात पेरले जात होते. ते उघड पेरून गुन्हे अंगावर घेतले गेले. तंत्रज्ञान निवडायचे स्वातंत्र्य ही मागणी, निंदणीच्या मजुरीने वाकलेला शेतकरी ही पार्श्वभूमी, आणि लपवाछपवी नाही. या बाबतीत ते पुसदच्या गवताच्या जवळ जाते. पण कापलेल्या गवताचा परिणाम तिथेच थांबतो, बियाण्याचा तसा थांबत नाही. परागकण बांध ओळखत नाहीत. शेजारी सेंद्रिय कापूस पिकवत असेल, तर किमतीचा काही भाग त्याच्यावर पडतो आणि त्याला कुणी विचारलेले नसते. म्हणून त्या शेतकऱ्यांचे धैर्य मी मानतो, त्यांची कृती मात्र पूर्णपणे समर्थनीय मानत नाही.

आणि तिबेटी शेजारी? १० मार्च १९५९ रोजी ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. जगभरचे तिबेटी दरवर्षी तो दिवस पाळतात. नोर्गेलिंगची कुटुंबे शेती करतात. विदर्भातल्या शहरांत थंडीच्या दिवसांत लागणारी तिबेट्यांची स्वेटरची दुकाने आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कायद्याच्या नजरेत यांतले बहुतेक ‘विदेशी’. नोंदणी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवे करून घ्यायचे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यामुळे त्यांचे इथले राहणे सरकारच्या धोरणावर टिकून आहे. अशा माणसाने निषेधासाठी कायदा मोडला, तर शिक्षा कैदेपुरती राहील याची खात्री त्याला नसते.

तरीही तेन्झिन त्सुंद्यू या कवीने ते केले. मुंबई विद्यापीठात शिकलेला हा तरुण जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत असताना त्यांच्या हॉटेलच्या, ओबेरॉय टॉवर्सच्या, बाहेरच्या परांचीवरून वर चढला आणि तिबेटचा झेंडा व मुक्तीचा फलक फडकावला. त्याला अटक झाली. कुणाला इजा नाही, लपणे नाही, किंमत सगळी स्वतःच्या अंगावर. माझ्या कसोटीला ही कृती पूर्ण उतरते, आणि इथेच कसोटीची मर्यादाही दिसते. काही तिबेटींनी किंमत मोजण्याची परिसीमा गाठली, स्वतःचा जीवच दिला. किंमत स्वतः मोजली म्हणून तो मार्ग मी योग्य म्हणू शकत नाही. सत्याग्रहीने तुरुंगातून परत येऊन लोकांत बसायचे असते, उद्याच्या तडजोडीला हजर असायचे असते. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात हिंसेचा आरोप नसलेले कैदी सुटले ते जिवंत होते म्हणून, आणि गावोगाव चळवळ पुन्हा उभी राहिली तीही त्यांच्यामुळेच.

आजच्या तरुणाला ही किंमत नेमकी कशी पडते, हे सांगणे जरूर आहे, कारण मोर्चाला बोलावणारे ती सहसा सांगत नाहीत. जमावबंदी लागू होते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली. अशा आदेशाचा भंग केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जिवाला धोका निर्माण झाला तर त्याहून जास्त. कागदावर शिक्षा किरकोळ दिसते. खरी शिक्षा असते ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या तारखांची आणि चारित्र्य पडताळणीत अडकलेल्या नोकरीची. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले तर १९८४ चा वेगळा कायदा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीन बागच्या निकालात निषेधाचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असेही सांगितले. अडलेल्या रुग्णवाहिकेतला माणूस आठवला की मला ती मर्यादा पटते.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्र सरकार वेळोवेळी घेते. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान ठरावीक मर्यादेत असावे, अशा अटी त्यात असतात. न्यायालयाची संमतीही लागते. म्हणजे किंमत दुसऱ्यावर किती पडली हे सरकारही पाहते, आणि ते योग्य आहे. पण या सवलतीसाठी आंदोलन हे नाव लागते, पुढारी लागतो, मागणीचे निवेदन लागते. मोळी आणताना पकडल्या गेलेल्या बाईकडे यांतले काहीच नव्हते. तिच्यासाठी होते ते वन अधिनियमाचे कलम ६८, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवा. तिने ती भरली, कधी हंगामभराचे मोहफूल विकून भरली. संसदेने ज्याला ऐतिहासिक अन्याय म्हटले, त्याच्या पावत्या या पट्ट्यातल्या घराघरांत फाडल्या गेल्या. सामूहिक वनहक्काचा प्रलंबित दावा तपासताना त्या जुन्या वनगुन्ह्यांच्या नोंदी अधिकाऱ्यांनी गावाच्या विरोधात वापरू नयेत. तीन पिढ्या हे गाव याच जंगलावर जगत होते, हे खात्याच्या स्वतःच्या दप्तरात त्याच नोंदींनी लिहून ठेवले आहे, आणि वहिवाटीचा पुरावा म्हणून ग्रामसभेने त्या मागून घ्याव्यात.